पुढची वाट पेन्सिलीने

जून २०२३ मधील दहा रात्री आम्ही विसरू शकत नाही. आम्ही म्हणजे याच शाळेतून एकाच वर्षी दहावी झालेले सहा जण आणि आमचे भूगोलाचे सर. तिघे बडोद्यातच आहोत, एक मुंबईला, एक पुण्याला आणि एक मैत्रीण लग्न होऊन कच्छमधील मांडवीला गेलेली. सर निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, पण पावसाळा जवळ आला की अजूनही त्यांचा फोन येतो, "अरे, अरबी समुद्राकडे लक्ष आहे ना?"

हवामानाची ही आवड सरांनीच लावलेली. शाळेच्या गच्चीवर पर्जन्यमापक ठेवून रोज सकाळी साडेआठ वाजता पाऊस मोजायचा आणि वहीत लिहायचा, हे काम आम्ही पाळीपाळीने केले आहे. पुढे कोणी बँकेत गेले, कोणी कारखान्यात, कोणी शिक्षिका झाली. हवामानशास्त्र कोणीच शिकले नाही. हौस मात्र राहिली. आता तर भारतीय हवामान खात्याची पत्रके आणि इन्सॅट उपग्रहांनी टिपलेली ढगांची चित्रे घरबसल्या संगणकावर दिसतात. त्यामुळे समुद्रात काही शिजू लागले की रात्री साडेनऊला, जेवणे आटोपून, आम्ही सगळे आपापल्या गावी संगणकासमोर बसतो आणि एकमेकांना पाहत, बोलत त्या वादळाची वाटचाल पाहतो.

सरांची पद्धत जुनीच आहे. त्यांच्या टेबलावर अरबी समुद्राचा मोठा नकाशा पसरलेला असतो. पत्रकात अक्षांश-रेखांश आले की ते त्यावर टिंब देतात. वादळ जिथून जिथून गेले ती वाट शाईने, आणि पुढे जिथे जाण्याची शक्यता आहे ती वाट पेन्सिलीने. "झालेले खोडता येत नाही, व्हायचे ते ठाम सांगता येत नाही," असे ते म्हणत. हे वाक्य आम्ही शाळेपासून ऐकत आलो होतो. त्याचा अर्थ मात्र त्या जूनमध्ये कळला.

६ जूनच्या सकाळी आग्नेय अरबी समुद्रात, गोव्यापासून सुमारे ९०० किलोमीटर दूर, कमी दाबाचे क्षेत्र तीव्र झाल्याचे पत्रक आले. त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत त्याचे चक्रीवादळ झाले आणि त्याला 'बिपरजॉय' हे नाव मिळाले. आपल्याकडे वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटर झाला की चक्रीवादळ म्हणतात व नाव देतात. ८९ च्या पुढे तीव्र, ११८ च्या पुढे अतितीव्र, १६७ च्या पुढे त्याहूनही वरची पायरी आणि २२२ च्या पुढे महाचक्रीवादळ. उत्तर हिंदी महासागराभोवतालच्या १३ देशांनी मिळून १६९ नावांची यादी २०२० मध्ये तयार केली, त्यातले हे नाव बांगलादेशाने सुचवलेले. वृत्तपत्रांत 'बिपरजॉय' वाचून अनेकांना ते इंग्रजी नाव वाटले. वस्तुतः तो बंगाली उच्चार आहे. मूळ शब्द 'विपर्यय', म्हणजे उलटापालट, आपत्ती. आपल्या मराठीतल्या 'विपर्यास'चा सख्खा भाऊच म्हणा ना.

पहिल्या दोन-तीन रात्री आमच्या उत्साहाला भरती आली होती, हे कबूल केले पाहिजे. समुद्राचे पाणी ३० अंशांच्या आसपास तापलेले. साधारण साडेसव्वीस अंशांच्या वर पाणी तापले की त्यातून उठणारी वाफ वादळाला खाद्य पुरवते. वाफ वर जाऊन तिचे पाणी होताना साठलेली उष्णता बाहेर पडते, त्याने हवा आणखी वर चढते, खाली दाब आणखी कमी होतो आणि चहूकडून वारा आत धावतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे तो सरळ मध्यभागी न येता वळतो, म्हणून आपल्या उत्तर गोलार्धात वादळ घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरते. हे सगळे पुस्तकात वाचलेले, परीक्षेत लिहिलेले. पण अर्ध्या-अर्ध्या तासाची चित्रे एकामागून एक सरकवली की ते डोळ्यांसमोर घडताना दिसते. आम्ही भान विसरून पाहत बसायचो.

गमतीही झाल्या. एका रात्री आमच्यातल्या दोघांचे चांगलेच जुंपले. एक म्हणे वादळाचे केंद्र पुढे सरकले, दुसरा म्हणे जागचे हललेले नाही. पंधरा मिनिटे वाद झाल्यावर सरांनी विचारले, "दोघांच्या चित्रांवर वेळ काय आहे, ते आधी वाचा." एकाच्या चित्रावर बारा वाजले होते, दुसऱ्याच्या साडेपाच. उपग्रहाच्या चित्रावर बहुधा जागतिक वेळ असते. ती आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे. त्या वेळेचे दुपारचे बारा म्हणजे आपले संध्याकाळचे साडेपाच! दोघेही एकच चित्र पाहून भांडत होते. सर एवढेच म्हणाले, "वेळ न पाहता चित्र पाहणे म्हणजे तारीख न पाहता वर्तमानपत्र वाचणे." आम्ही हसलो. पण जी चूक खरोखर अंगाशी आली, ती पुढेच होती.

या वादळाने भल्याभल्यांना चकवले. वादळ स्वतःच्या मनाने चालत नसते, वरच्या थरांतील वारे त्याला ढकलत नेतात. बिपरजॉय दोन बाजूंच्या उच्च दाबाच्या क्षेत्रांमध्ये सापडले होते. ढकलणारे वारे कमजोर, म्हणून ते रेंगाळत, अडखळत उत्तरेकडे चालले होते. अशा वेळी संगणकांची गणिते वेगवेगळी उत्तरे देतात. काही गणितांत ते ओमानच्या बाजूला वळत होते, काहींत कराचीकडे, तर काहींत कच्छकडे. हवामान खात्याच्या नकाशात पुढच्या वाटेभोवती म्हणूनच एक शंकू काढलेला असतो. जितके पुढचे दिवस, तितका तो रुंद. वादळाचे केंद्र त्या शंकूत कुठूनही जाऊ शकते, असा त्याचा अर्थ. आम्हाला हे ठाऊक होते. पण ठाऊक असणे वेगळे आणि ऐन वेळी आठवणे वेगळे.

९ जूनच्या दुपारी मांडवीहून मैत्रिणीचा निरोप आला. "घरात सासूबाई आहेत, त्यांना चालवत नाही. वरच्या मजल्यावर पत्रे आहेत. पत्रे बांधायला माणूस बोलावला आहे. वादळ आमच्याकडे येईल का? बडोद्याला निघून येऊ का?"

आमच्यातल्या एकाने लगेच उत्तर लिहिले, "निश्चिंत राहा. ओमानकडे चालले आहे. गुजरातला काही धोका नाही." त्याच्यासमोर त्या वेळी एका गणिताचे रंगीत चित्र होते. त्यात एक ठसठशीत रेघ पश्चिमेकडे गेली होती. उत्तर लिहिणारा एक होता, पण ते वाचून मान डोलावणारे आम्ही सगळेच होतो. एकानेही विचारले नाही की ही रेघ शाईची की पेन्सिलीची.

त्याच रात्री सरांनी एक आठवण काढली. तारीख ९ जूनच होती. बरोबर २५ वर्षांपूर्वी, ९ जून १९९८ रोजी, कच्छमधील कंडला बंदरावर चक्रीवादळ आदळले होते. समुद्र आत घुसला आणि गुजरातमध्ये हजाराहून अधिक माणसे गेली. त्यांत मिठागरांवर राबणारे मजूर किती तरी होते. वादळ येत आहे हे समुद्रावर नजर ठेवणाऱ्यांना कळले होते, पण खाडीकाठच्या झोपड्यांपर्यंत ते वेळेत पोहोचलेच नाही. आम्ही त्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीतून नुकतेच परतलो होतो. वर्तमानपत्रातली छायाचित्रे आम्हाला आठवत होती. सर म्हणाले, "माहिती असणे आणि माहिती पोहोचणे, यांच्यामध्ये माणसे मरतात." आम्ही गंभीरपणे ऐकले. दुपारी आपणच एक अर्धवट माहिती पोहोचवून बसलो आहोत, हे तेव्हाही कोणाच्या लक्षात आले नाही. सरांना तर त्या निरोपाचा पत्ताच नव्हता.

रविवारी, ११ जूनला, चित्र पालटले. वादळ आणखी वरच्या पायरीवर गेले होते, आणि पत्रकात स्पष्ट लिहिले होते की ते १५ जूनच्या सुमारास मांडवी आणि कराची यांच्यामध्ये किनारा ओलांडण्याची शक्यता आहे. मांडवी! आमच्यापैकी कोणालाही वेगळा नकाशा काढण्याची गरज उरली नाही.

त्या रात्री मैत्रीणही आमच्यात बसली होती. उपग्रहाच्या चित्रात ढगांच्या मधोमध वादळाचा डोळा उमटल्यासारखा दिसला आणि आमच्यातील एकाच्या तोंडून सहज निघून गेले, "वा! काय सुंदर दिसतंय!" कोणी काही बोलले नाही. मग मैत्रीण शांतपणे म्हणाली, "तुम्हाला सुंदर दिसतंय ते खरं. पण ते आमच्याकडे यायला निघालंय रे."

आणि मग तिने सांगितले. आमचा निरोप वाचून तिने पत्रे बांधणाऱ्या माणसाला परत पाठवले होते. सासूबाईंची महिन्याची औषधे आणायची होती, तीही सोमवारवर ढकलली होती. आता सगळे गाव त्या माणसाला बोलावत होते आणि त्याला तीन दिवस सवड नव्हती. "मी तुम्हाला दोष देत नाही," ती म्हणाली. "पण तुम्ही इतकं छातीठोक सांगितलंत, म्हणून मी दुसऱ्या कोणाला विचारलंच नाही."

बराच वेळ आम्ही गप्प होतो. सरांनी तो निरोप वाचून दाखवायला सांगितला. वाचून झाल्यावर ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. त्यांनी फक्त टेबलावरचा नकाशा कॅमेऱ्यासमोर धरला. शाईची वाट जिथे संपत होती तिथून पुढे पेन्सिलीच्या चार रेघा होत्या, एक ओमानकडे, एक कराचीकडे, दोन कच्छकडे. "तुम्ही या चारांतली एक शाईने गिरवलीत," ते म्हणाले.

त्या रात्री आम्ही स्वतःसाठी तीन नियम केले. पहिला, कोणालाही काही कळवताना ते कोणत्या वेळच्या पत्रकातले आहे हे आधी लिहायचे. दुसरा, एकच शक्यता सांगायची नाही. आपल्याला आवडणारी सांगितली तर न आवडणारीही सांगायची. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा, "आता आम्ही काय करू?" असे कोणी विचारले तर आपला अंदाज सांगायचा नाही, सरकारी इशारा आणि जिल्हा प्रशासनाचा आदेश काय आहे तो सांगायचा. आमचा तो छंद आहे, त्यांचे ते घर आहे.

दुसऱ्याच दिवशी, १२ जूनला, मुंबईहून वाईट बातमी आली. वादळ अजून शेकडो किलोमीटर दूर होते, पण समुद्र खवळलेला होता. जुहूच्या किनाऱ्यावर पाण्यात उतरलेली चार मुले बुडाली. शाळकरी वयाचीच मुले. मुंबईचा आमचा मित्र त्या रात्री म्हणाला की परवाच मीही लाटा पाहायला मुलांना घेऊन जायच्या विचारात होतो. वादळाचे केंद्र कुठे आहे ते एका टिंबाने दाखवता येते, पण त्याचा हात किती लांब पोहोचतो हे टिंबावरून कळत नाही. नकाशा पाहणाऱ्या प्रत्येकाने हे मनावर कोरून ठेवावे.

मग आम्ही पाहणे थांबवून कामाला लागलो. भुजला मैत्रिणीच्या दिरांचे पक्के घर होते. १३ जूनला ती सासूबाईंना घेऊन तिथे गेली. तिच्या गल्लीतल्या तिघा वृद्धांचीही नावे आम्ही तिच्याकडून घेतली आणि त्यांच्या परगावच्या मुलांना फोन केले. किनाऱ्यालगतच्या गावांतून गुजरात प्रशासनाने जवळपास एक लाख माणसे सुरक्षित जागी हलवली. आम्ही केले ते त्यापुढे काहीच नाही, चार घरांपुरते. पण या वेळी प्रत्येक निरोपाच्या आरंभी पत्रकाची वेळ लिहिलेली होती.

१५ जून, गुरुवार. संध्याकाळपासून वादळाच्या कडा कच्छच्या किनाऱ्याला लागल्या आणि रात्री उशिरा त्याने जखौ बंदराजवळ किनारा ओलांडला. वाऱ्याचा वेग ताशी ११५ ते १२५ किलोमीटर, झोत १४० पर्यंत. आम्ही नेहमीप्रमाणे बसलो होतो. चित्रे नेहमीसारखीच येत होती. पण त्या रात्री कोणीही "वा" म्हटले नाही. दहाच्या सुमारास मैत्रिणीचा फोन लागेनासा झाला. सर नकाशावर टिंबे देत राहिले. अकरा वाजले, बारा वाजले. बडोद्यातही बाहेर वारा सुटला होता, झाडे हलत होती. एवढ्या वाऱ्यात आपल्याला दार लावून घ्यावेसे वाटते, तर तिकडे काय असेल, असेच सर्वांच्या मनात होते.

सकाळी नऊला तिचा आवाज ऐकू आला. सगळी सुखरूप होती. कच्छ-सौराष्ट्रात विजेचे खांब हजारोंनी पडले, असंख्य गावे अंधारात होती. मांडवीच्या घराचे पत्रे उडून गेले होते, वरच्या खोलीतील गाद्या, पुस्तके, लग्नातली पेटी पाण्यात भिजली होती. वाटेवरच्या खारकेच्या बागा आडव्या झाल्याचे तिने सांगितले. पत्र्यांबद्दल मात्र ती एक अक्षर बोलली नाही. तेच आम्हाला जास्त लागले. पुढे आम्ही सर्वांनी मिळून पत्र्यांचा खर्च देऊ केला. तिने तो घेतला नाही. "त्यापेक्षा तो नकाशा शाळेला द्या," ती म्हणाली.

भावनगर जिल्ह्यात पाण्याच्या लोंढ्यात अडकलेल्या शेळ्या सोडवायला गेलेले बाप-लेक बुडाले. त्यांची आठवण ठेवूनच पुढचे म्हणायचे. १९९८ मध्ये हजाराहून अधिक आणि २०२३ मध्ये हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके. दोन्ही वादळांचे मार्ग वेगळे, जोर वेगळा, त्यामुळे सरळ तुलना करता येणार नाही. तरीही या २५ वर्षांत एक गोष्ट बदलली, हे निश्चित. इशारा वेळेत निघाला, तो माणसांपर्यंत पोहोचला आणि माणसांनी तो मानला. यांतला एक दुवा जरी तुटला तरी बाकीचे दोन निरुपयोगी. आमच्या हातून तो तुटता तुटता वाचला.

बिपरजॉय पुढे राजस्थानात जाऊन मुसळधार पाऊस पाडून विरले. तेरा दिवसांहून अधिक काळ ते जिवंत होते. अरबी समुद्रातील वादळे सहसा इतकी टिकत नाहीत. सरांच्या नकाशावरची शाईची वाट राजस्थानात जाऊन थांबली. पेन्सिलीच्या रेघा त्यांनी खोडल्या नाहीत. ओमानकडे गेलेली रेघ तर मुद्दाम ठेवली आहे.

तो नकाशा आता शाळेच्या भूगोलाच्या खोलीत लावला आहे. विद्यार्थी मित्रांनो, येत्या पावसाळ्यात समुद्रात काही निर्माण झाले तर तुम्हीही कोरा नकाशा घ्या. वर्तमानपत्रातून, आकाशवाणीवरून किंवा हवामान खात्याच्या पत्रकातून रोज दोनदा अक्षांश-रेखांश घ्या आणि टिंबे द्या. चार दिवसांत तुम्हाला समुद्र ओळखीचा वाटू लागेल. हा छंद फार आनंदाचा आहे, तो सोडू नका. मित्रांबरोबर करा म्हणजे चुका लवकर सापडतील. पालकांनाही आमची विनंती आहे की मुलांनी "कुठे चाललंय वादळ?" असे विचारले तर त्यांना फोनवर आलेले चित्र दाखवून गप्प करू नका. त्या चित्रावरची वेळ शोधायला सांगा. आणि शाळेचे विश्वस्त मंडळ हे वाचत असेल तर एवढेच मागतो, गच्चीवरचे पर्जन्यमापक पुन्हा सुरू करावे. त्याला खर्च फार नाही. रोज सकाळी साडेआठला वर जाणारा एक विद्यार्थी मात्र हवा.

मांडवीच्या घरावर आता पक्के छत आहे. मैत्रीण अजूनही रात्री आमच्यात येऊन बसते. समुद्रात ढग जमले की पहिला प्रश्न तिचाच असतो, "कितीचं पत्रक आहे हे?" आणि आम्ही सगळे आधी वेळ वाचतो, मग चित्र पाहतो.